तीन अर्धे कप

औषध सुरू होऊन दोन मिनिटं झाली होती आणि रंगनाथमामा मला मोसंबीच्या बागेला पाणी कधी तोडायचं ते समजावून सांगत होते.

"आंब्या बहाराला मॅडम, डिसेंबरात पाणी तोडायचं. बिलकुल थेंब न्हाई द्यायचा. पानं पिवळी पडली की मंग..."

मी मान डोलावत होते, पण डोळे मॉनिटरवर होते. नाडी चौऱ्याहत्तर. टेबलावर झोपवलं तेव्हा बहात्तर होती. ब्लड प्रेशर जागच्या जागी.

"मामा, छातीत काही होतंय का? जड, गरम, दम लागल्यासारखं?"

"काई न्हाई. बराबर वाटून राह्यलं."

हे बराबर नव्हतं. या टेस्टमध्ये दोन मिनिटांनंतर माणूस मोसंबीबद्दल बोलू शकत नाही.

मी न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट आहे. नाव भारी आहे, त्यामुळे लग्नकार्यात कोणी विचारलं की मी 'हॉस्पिटलात फोटो काढते' एवढंच सांगते. एकोणीस वर्षं मुंबईत काढली, मग आई थकली म्हणून जालन्याला परत आले. इथल्या एका छोट्या सेंटरमध्ये आमच्या सरांनी गॅमा कॅमेरा आणला आणि मला बोलावून घेतलं. सर माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहेत. हुशार आहेत. फक्त घाईत असतात.

आमचं काम सोप्या शब्दांत असं. एक्स-रेमध्ये किरण बाहेरून आत जातात. आमच्याकडे उलटं. आम्ही पेशंटच्या शिरेत किंचित किरणोत्सर्गी औषध टोचतो, त्याला आयसोटोप म्हणतात. रक्त जिथे जाईल तिथे ते जातं आणि हृदयाच्या स्नायूत जाऊन बसतं. मग कॅमेरा पेशंटभोवती फिरून ते कुठे पोचलं आणि कुठे नाही ते टिपतो. जिथे रक्त पोचलं तो भाग उजळ, जिथे नाही तो काळा. फोटो दोन वेळा काढायचे. एकदा हृदय निवांत असताना, एकदा त्याच्यावर ताण देऊन. कारण निवांत असताना अर्धी चोंदलेली रक्तवाहिनीही वेळ मारून नेते. ताण आला की तिची लबाडी उघडी पडते. माणसांचंही बहुतेक असंच असतं, पण तो माझा विषय नाही.

ताण देण्यासाठी एरवी पेशंटला ट्रेडमिलवर पळवतात. रंगनाथमामा पळणार कसे? दोन्ही गुडघे गेलेले. आष्टीहून आले होते, वय एकसष्ट, हातात काठी. सोमवारी सकाळी गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि हा होता गुरुवार. भूल द्यायच्या आधी फिजिशियनना त्यांचा ईसीजी जरा आवडला नव्हता, म्हणून हृदय तपासायला आमच्याकडे पाठवलेलं. आमचा रिपोर्ट नॉर्मल आला की ऑपरेशन. नाही आला तर गुडघे राहू दे, आधी हृदयाचं बघा. इतकं सरळ होतं.

पळू न शकणाऱ्यांसाठी औषधाने ताण देतात. सहा मिनिटं ते पंपातून शिरेत जातं आणि हृदयाच्या चांगल्या रक्तवाहिन्या रुंद करतं. चोंदलेली रुंद होऊ शकत नाही, म्हणून फरक दिसतो. बरोबर तिसऱ्या मिनिटाला आयसोटोप टोचायचा. या औषधाने माणसाला चांगलंच जाणवतं. तोंड गरम होतं, छाती दाबल्यासारखी वाटते, नाडी वाढते. औषध बंद केलं की मिनिटभरात सगळं ओसरतं. मी प्रत्येकाला आधी सांगून ठेवते, घाबरू नका, हे होणारच. मामांना काहीच होत नव्हतं.

"सर, रिस्पॉन्स नाहीये," मी हळूच म्हटलं.

सर पायाशी उभे होते. "पंप चालू आहे ना?"

"चालू आहे. लाइन पण ठीक आहे."

"काही जणांना कमीच जाणवतं मॅडम. तीन मिनिटं झाली. द्या."

मी आयसोटोप दिला. हात थांबवायला हवा होता, हे आज कळतं. तेव्हा घड्याळ पुढे जात होतं, सिरिंज हातात होती आणि सर डॉक्टर होते. सहा मिनिटं संपली. पंप बंद केला तेव्हा मामा बागेच्या खतावर आले होते.

पाऊण तासाने कॅमेऱ्याखाली घेतलं. फोटो आले. हृदयाचे फोटो आडवे कापलेल्या मेदूवड्यासारखे दिसतात, मधे भोक असलेलं गोल कडं. मामांचं कडं चहूबाजूंनी सारखं उजळ. सकाळच्या निवांत फोटोसारखंच अगदी.

"नॉर्मल," सर म्हणाले आणि कीबोर्ड ओढला.

"सर, मला पटत नाहीये."

"फोटोत काय पटत नाहीये?"

"फोटो चांगलेच आहेत. ताण बसला होता का, याचीच खात्री नाही. नाडी दोननं वाढली फक्त. मला वाटतं त्यांनी चहा घेतलाय."

आता चहाचं सांगते. चहा-कॉफीतलं कॅफीन आणि आमचं हे औषध, दोघांनाही रक्तवाहिनीवर एकाच जागी बसायचं असतं. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात, तसं कॅफीन आधीच रुमाल टाकून बसलेलं असतं. मागून आलेलं औषध उभ्यानेच प्रवास करतं. ताण बसत नाही, चोंदलेली वाहिनी उघडी पडत नाही आणि फोटो छान येतो. खोटा छान. म्हणून टेस्टच्या आधी चोवीस तास चहा, कॉफी, कोको, बाटलीबंद थंड पेयं, सगळं बंद. हे आम्ही फोनवर सांगतो, मराठीत छापलेला कागद देतो आणि सकाळी काउंटरवर तोंडी विचारून फॉर्मवर खूण करतो. तो फॉर्म माझा आहे. मुंबईहून येताना सोबत आणलेला. त्याचा मला जरा अभिमानच होता.

सरांनी फॉर्म उघडला. "चहा-कॉफी: नाही. खूण तुमचीच आहे."

"हो."

"मग?"

"परत विचारून येते."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. हाडांच्या डॉक्टरांचा दोनदा फोन येऊन गेला होता. त्यांना सोमवारचं थिएटर पक्कं करायचं होतं.

आयसोटोप दिलेले पेशंट आमच्याकडे वेगळ्या खोलीत बसतात. मामा तिथे खुर्चीत गुडघे चोळत बसले होते. दारात माणिकराव उभे. माणिकराव म्हणजे मामांचे व्याही. मामांची एकुलती लेक सुनंदा जालन्यात दिलेली, माणिकरावांच्या घरात. ते पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. खरं तर बापासोबत लेकीनेच यायचं, पण तिला सातवा महिना. आमच्या दारावरच पाटी आहे की गरोदर बाईने आत यायचं नाही. जावई कामासाठी पुण्याला गेलेला. म्हणून व्याही आले होते.

"मामा, खरं सांगा. काल दुपारपासून चहा झाला का?"

"न्हाई मॅडम. सकाळीच सांगितलं ना."

उत्तर एकदम आलं. प्रश्न संपायच्या आत. मी माणिकरावांकडे पाहिलं. ते छताचा पंखा बघत होते. पंखा बंद होता.

सव्वीस वर्षांत मी पुष्कळ खोटं ऐकलंय. तंबाखू खाल्लेली असते, गोळ्या घेतलेल्या नसतात, बायका गरोदर असून नाही म्हणतात. खोटं बोलणाऱ्याचा मला एरवी संताप येतो आणि मी तो लपवत नाही, आमच्या रिसेप्शनवरच्या मुली सांगतील. पण तो बंद पंखा बघून मला संताप आला नाही. काहीतरी वेगळंच शिजतंय असं वाटलं.

"माणिकराव," मी म्हटलं, "मामांचे जुने ईसीजीचे कागद घरी राहिलेत ना? सरांना बघायचेत. आणता का?"

कागद खरंच हवे होते. इतकी घाई मात्र नव्हती. ते लगेच निघाले. मला वाटतं, त्यांनाही तिथून बाहेर पडायचंच होतं.

आयसोटोप दिलेल्या पेशंटपासून आम्ही थोडं अंतर ठेवून बसतो. मी दाराशी स्टूल ओढलं. चहाचं नावच काढायचं नाही असं ठरवलं.

"मामा, काल कधी आलात?"

"काल संध्याकाळी. आष्टीहून परतूर, परतूरहून इकडं. परतूरच्या स्टँडवर मॅडम, पोरगं चहा घेऊन गाडीत आलं. मी म्हणलं, हट. घेतला न्हाई." हे सांगताना चेहऱ्यावर खरा अभिमान होता.

"वा. मग रात्री?"

"रात्री इवायाच्या घरी. जेवण झालं, झोपलो."

"नेहमी उतरता तिथेच?"

"न्हाई ना." मामांनी काठी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर घेतली. "लेकीच्या घरी मुक्काम करायचा न्हाई, असं आमच्याकडं. लग्नाला दोन वर्षं झाली. येत होतो, पाणी पिऊन परत जात होतो. इहीनबाई दरवेळी म्हणायच्या, एकदा तरी राहा. पण या टेस्टसाठी सकाळी आठला हजर व्हायचं, आष्टीहून कसं जमणार? मंग राह्यलो. पहिल्यांदाच."

"चांगलं केलंत. सकाळी किती वाजता उठलात?"

"पाचला. आंघोळ केली. बाहेरच्या खोलीत बसलो. मंग इहीनबाई ट्रे घेऊन आल्या. नवे कप काढले होते मॅडम, सोनेरी काठाचे. लग्नात आम्हीच दिलेले, त्यांनी ठेवून दिल्ते, माझ्यासाठी काढले." ते थांबले.

मी काहीच बोलले नाही. आमच्या कामात हे शिकावं लागतं. कॅमेऱ्यासारखं गप्प बसायचं.

"अर्धाच घेतला," मामा म्हणाले.

"बरं."

"मंग त्यांचे थोरले भाऊ तिथंच गल्लीत राहतात. पाव्हणे आले म्हणल्यावर बोलावलं. इवायासोबत गेलो. तिथं अर्धा."

"हं."

"मंग समोरच्या घरातल्या बाईनं हाक मारली. सुनंदाला लई जीव लावते ती. तिथं पण अर्धाच."

"म्हणजे दीड कप."

"तेवढा पण न्हाई. बशीत थोडा सोडल्ता."

हसावं की रडावं मला कळेना. ताण देणाऱ्या औषधावर उतारा म्हणून आम्ही एक इंजेक्शन टेबलाशी भरून ठेवतो. चहातल्या द्रव्याचा तो सख्खा चुलत भाऊ. म्हणजे मामांनी उतारा सकाळीच तीन घरी बसून पिऊन घेतला होता, आणि आम्ही बारा वाजता त्यांना विष देऊन बघत होतो की चढतं का.

"कागदात लिहिलं होतं मामा. चहा बंद."

"वाचला होता. खिशातच आहे." त्यांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. "पण पहिल्याच मुक्कामाला आपण सांगायचं का, आम्हाला हे चालत न्हाई, ते चालत न्हाई? पोरीचा बाप आहे मी. लोक म्हणतील, आला तो अटी घेऊनच आला."

"आणि मी काउंटरवर विचारलं तेव्हा?"

"तेव्हा इवाई बाजूला उभे होते. 'हो, घेतला' म्हणलं असतं तर त्याचा अर्थ काय? यांच्या घरी टेस्ट बिघडवली. यांच्या बायकोनं बिघडवली. पोरीला सातवा महिना आहे मॅडम. उद्या घरात एक शब्द जरी निघाला तरी तो तिलाच लागायचा. तुम्ही पण नका काढू त्यांच्यासमोर. हात जोडतो."

आणि त्यांनी खरंच हात जोडले. माझ्या बापाच्या वयाचे नव्हते, पण मला बघवलं नाही. आणि त्याच वेळी रागही आला, आता आला.

"मामा, तुमचा रिपोर्ट नॉर्मल निघाला असता. सोमवारी तुम्हाला भूल दिली असती. आत नस चोंदलेली असली आणि टेबलावरच काही झालं, तर लेकीला काय लागलं असतं? शब्द? तो बरा म्हणायची वेळ आली असती."

मामा काठीच्या मुठीकडे बघत राहिले. "नातू यायच्या आधी गुडघे करून घ्यायचे होते," एवढंच म्हणाले. "त्याला खांद्यावर घेऊन बाग दाखवायची होती."

मी उठले आणि सरांकडे गेले. रिपोर्ट टाइप झालेला होता, सही तेवढी बाकी.

"तीन ठिकाणी चहा झालाय सर."

सर खुर्चीत मागे टेकले. "तीन?"

"अर्धा अर्धा."

सरांनी कीबोर्ड दूर सारला. मग म्हणाले, "दोन मिनिटांवर तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकायला हवं होतं."

"आणि मी एकट्याला विचारायला हवं होतं. सकाळी व्याह्यांसमोर विचारलं."

हिशेब बरोबरीत सुटला. सरांनी हाडांच्या डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून आवाज चढलेला मला टेबलाच्या या बाजूलाही ऐकू आला. सर शांतपणे म्हणाले, "तुम्हाला नॉर्मल रिपोर्ट हवाय की खरा?" मला सर त्या क्षणी फार आवडले.

ताणाची टेस्ट शुक्रवारी परत करायची ठरली. आमचा आयसोटोप मुंबईहून येणाऱ्या, जनरेटर नावाच्या जड डब्यातून रोज काढावा लागतो. आम्ही त्याला गाय म्हणतो आणि काढण्याला दोहणं. गाय आठवडाभर आटत जाते, शुक्रवारी दूध कमी. म्हणून हाडांच्या स्कॅनच्या एका पेशंटला फोन करून सोमवारवर ढकललं. राहिला एकच प्रश्न. मामा परत त्याच घरी जाणार. सकाळी परत ट्रे येणार. आणि चहाचं नाव काढू नका म्हणून मामांनी माझ्यापुढे हात जोडले होते.

माणिकराव कागद घेऊन आले तेव्हा मी वाक्य तयार करून ठेवलं होतं. औषधाचा परिणाम नीट झाला नाही, असं होतं कधीकधी, उद्या परत या, आणि उद्या सकाळी यांना नुसतं पाणी द्या. यात खोटं काही नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं. पण मी तोंड उघडायच्या आधीच त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मॅडम, एक सांगायचं होतं. पाव्हण्यांना कळू देऊ नका."

"बोला."

"चहा झालाय त्यांचा. आमच्याच घरी. मला खरंच माहीत नव्हतं की चालत न्हाई. सकाळी तुम्ही काउंटरवर विचारलं तेव्हा कळलं. मी सांगणार होतो, तेवढ्यात ते 'न्हाई' म्हणून मोकळे झाले. आता मी 'घेतला' म्हणलं असतं तर पाव्हण्याला चारचौघांत खोटं पाडल्यासारखं झालं असतं. सुनेचा बाप आहे तो. पहिल्यांदा घरी राह्यलाय." त्यांनी पेन खिशातून काढलं, परत ठेवलं. "सकाळपासून जिवाला चैन न्हाई बघा. आता घरी कागद काढायला गेलो, तर बायकोला सांगितलं. ती रडूनच राह्यली."

मी भिंतीला टेकले. सकाळी आठपासून हे दोन सज्जन एकमेकांचा मान राखत माझ्या खोलीत उभे होते. दोघांनाही खरं माहीत होतं. मधल्या मधे एका हृदयाचा खोटा फोटो निघाला होता.

"माणिकराव," मी म्हटलं, "त्यांनीही मला हेच सांगितलंय. तुम्हाला कळू देऊ नका म्हणून."

ते बघतच राहिले. मग खाली मान घालून हसले, आणि डोळेही पुसले.

"मंग आता काय करायचं?"

"काही नाही. उद्या बारापर्यंत चहाचा थेंब नको. आज त्यांच्या अंगात आयसोटोप आहे, म्हणून सुनंदाने सहा फूट लांब बसायचं. झोपायला बाहेरची खोली. कोणी कोणाला काही विचारायचं नाही."

शुक्रवारी दोघे आले. या खेपेला मी रंगनाथमामांना आधी एकट्याला आत घेतलं.

"मामा, सकाळपासून?"

"न्हाई मॅडम. लेकीची शपथ." मग जरा पुढे वाकून म्हणाले, "आमच्या घरात आज कोणीच घेतला न्हाई. म्हणजे त्यांच्या घरात. इहीनबाई म्हणल्या, आज दूध नासलं. समोरच्या बाईनं हाक मारली, तर म्हणल्या, गल्लीतलं सगळंच दूध नासलंय."

बाहेर माणिकराव दोन्ही हातांनी कपाळ दाबत बसले होते. रोज सकाळी दोन कप लागणारा माणूस तो. मी त्यांना म्हटलं, तुम्ही तरी कोपऱ्यावर जाऊन घेऊन या. ते म्हणाले, "पाव्हणा आत उपाशी झोपलाय अन् मी चहा घेऊ? ते काई बराबर न्हाई."

पंप सुरू केला. मामांनी मोसंबीचाच विषय काढला. ते छाटणीपर्यंत आले आणि वाक्य अर्ध्यात सोडलं. तोंड लाल झालं. कपाळावर घाम.

"मॅडम, छातीवर कोणी बसल्यागत होऊन राह्यलं."

नाडी अठ्ठ्याऐंशी, ब्याण्णव. मला हायसं वाटलं. आमचा धंदाच असा विचित्र आहे की पेशंटला त्रास झाला की आम्हाला बरं वाटतं. पण ईसीजीची रेघ खाली खचायला लागली तसं ते बरं वाटणंही संपलं. सरांची नजर रेघेवरून हटत नव्हती. तिसऱ्या मिनिटाला मी आयसोटोप दिला. थोड्याच वेळात सरांनी पंप थांबवला, आणि भरून ठेवलेला उतारा या खेपेला शिरेतून गेला. पाच मिनिटांनी मामांचा श्वास जागेवर आला.

फोटो आले तेव्हा सर आणि मी दोघंही उभे होतो. कडं पूर्ण नव्हतं. समोरचा मोठा भाग काळा, बाजूचाही थोडा. कालच्या गोल, उजळ फोटोशेजारी तो ठेवला तर एकाच माणसाचं हृदय आहे हे कोणी मानलं नसतं. कालचा फोटो नॉर्मल म्हणून गेलाच असता. त्याखाली सहीची जागा रिकामी होती एवढंच.

सरांनी दोघांना आत बोलावलं आणि स्क्रीनवर दाखवलं. ते इंग्रजी नावं घेऊ लागले तसे माणिकराव पुढे वाकले. तीस वर्षं कालव्यावर काढलेला माणूस.

"म्हणजे साहेब, पाणी सोडलं तरी टेलला, शेवटच्या शेताला पोचत न्हाई. वरतीच चारी बुजलीय."

"अगदी तेच," सर म्हणाले.

"मंग चारी साफ करायची. शेताचं नंतर बघू," माणिकराव मामांना म्हणाले. मामांनी मान हलवली. गुडघ्यांचं नाव कोणी काढलं नाही.

सोमवारी थिएटरऐवजी ते संभाजीनगरला अँजिओग्राफीला गेले. तीन वाहिन्या चोंदलेल्या निघाल्या, त्यातली एक जवळजवळ बंद. बायपास झाली. महिनाभर ते जालन्यातच राहिले, लेकीच्या घरी, बाहेरच्या खोलीत. मुक्काम न करण्याचा नियम एकदा मोडला तो मोडलाच. लेक बाळंतपणाला आष्टीला जायची ती गेलीच नाही, नातू जालन्यातच झाला. गुडघे पुढे सहा महिन्यांनी झाले.

मी माझा फॉर्म बदलला. चहा घेतला का, हा प्रश्न अजून आहे, पण तो आता शेवटी येतो. त्याआधी नवीन ओळ आहे: काल रात्री मुक्काम कुठे होता? आणि हा फॉर्म पेशंटला एकट्याला बसवून भरायचा, नातेवाइकांना बाहेर ठेवून. यात सून, जावई, व्याही सगळे आले. व्याही विशेष करून.

गेल्या महिन्यात मामा परत आले होते, बायपासनंतरची तपासणी म्हणून. काठी नव्हती. मी त्यांना आत घेतलं आणि नवा प्रश्न विचारला.

"इवायाकडंच," ते म्हणाले. "पण चहाची भीती न्हाई मॅडम. तिथं आता मला चहा देतच न्हाईत. टेस्ट असो का नसो. दीड वर्ष झालं. सगळे घेतात, मला दूध. इहीनबाईंनी धसकाच घेतलाय. मी तोंडानं कसं मागू?"

टेस्ट झाली. कडं पूर्ण उजळ आलं, आणि या खेपेला खरं. मी स्वतःच माणिकरावांच्या घरी फोन लावला. इहीनबाईंना सांगितलं की आता चालतो, दिवसातून दोनदा, साखर कमी. बाईंनी दोनदा विचारून घेतलं.

"नक्की ना मॅडम? मंग लिहून द्या."

मी सेंटरच्या लेटरहेडवर लिहून दिलं. खाली सरांनी सही केली, शिक्का मारला. तो कागद त्यांच्या फ्रिजवर चिकटवलाय असं मामा सांगत होते.